भुऱ्या झाकणाचा कॅन

बहरीन
शुक्रवार, दुपार

प्रिय अनय,

अक्षर बघून तू ओळखशीलच, आणि ओळखून पाकीट बाजूला ठेवशील. ठेव. पण फेकू नकोस. सोबतच्या खोक्यात खायचं काही नाही, मुंग्या लागायची भीती नाही, आठ दिवसांनी उघडलास तरी चालेल. अनीश म्हणून आमच्या खोलीतला पोरगा आहे, करजणचा, तो सुट्टीवर निघालाय, त्याच्या हाती पाठवतोय. त्याला सांगून ठेवलंय, अकोटा ब्रिज उतरलास की कुणालाही अनयचं घर विचार, दारात चहा विचारला तर पी, माझ्याबद्दल विचारलं तर सांग, नाही विचारलं तर गप बस. फोन तर तू ब्लॉक केलेला. पाच वर्षं झाली. म्हणून शेवटी कागद. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाचं पत्र आहे, ऱ्हस्व-दीर्घ तुझं तू लावून घे.

दोन गोष्टी सांगायच्या आहेत. दवाखान्यात तू मला विचारलं होतंस, ‘समऱ्या, खोटं का बोललास?’ मी जिना उतरलो, तो उतरतच राहिलो म्हण, पार समुद्र ओलांडला. त्या प्रश्नाचं उत्तर मला आत्ता सापडलंय. दुसरी गोष्ट हेरंबदादाची. त्याने त्याच्या ऑफिसात बिल्डिंगांची मॉडेलं बनवायला तुला बोलावलंय, जागा पाडव्यापर्यंत धरून ठेवलीय, आणि तू जात नाहीस, हे मला कळलंय. आईकडून कळलं, तिला खंडेराव मार्केटात काकी भेटल्या तेव्हा. आपल्या दोघांच्या आया अजून मेथीच्या जुड्या एकमेकींना दाखवून घेतात, आपणच तेवढे बोलत नाही. पण मला सरळ सांगता येत नाही हे तुला माहीत आहे. नवापुऱ्यातून मांडवीला जायचं तर सुरसागर तळ्याला दोन चकरा मारून जाणारा मी माणूस. तेव्हा जरा दम धर.

मी इथे जहाजं रंगवतो. हजिराला होतो, मग मुंद्रा, मग कोची, आठ-दहा महिन्यांच्या वर कुठे बूड टेकलं नाही, आणि आता इथे दोन वर्षं झाली म्हणून माझं मलाच नवल वाटतं. जहाज एका मोठ्या खड्ड्यात आणून उभं करतात, दार लावतात आणि पाणी उपसून टाकतात. पाणी उतरत जातं तसं त्याचं पोट दिसायला लागतं, हिरवं, शेवाळलेलं, शिंपल्यांनी भरलेलं, आणि वास असा येतो जणू समुद्राने तोंड उघडलंय. मग आम्ही मुंग्यांसारखे त्याला चिकटतो. आधी वाळूच्या फवाऱ्याने जुना रंग उडवायचा, मग गनने नवा चढवायचा. सकाळी पाळण्यात बसून वर गेलो की समुद्रावर धुकं असतं, पाणी कुठे संपतं, आकाश कुठे सुरू होतं समजत नाही, आणि त्या धुक्यात लांबची जहाजं अशी लटकलेली दिसतात, की हात पुढे करावा आणि दोन बोटांत एक उचलून घ्यावं. खरं सांगू? मी हात पुढे करतो. रोज. खालून फोरमन ओरडतो, ‘ओ बडोदा, सो गया क्या?’ इथे माझं नाव बडोदाच आहे. समरजित कुणाला म्हणता येत नाही.

तर असं उचलता येणारं जहाज मला तीन महिन्यांपूर्वी बाजारात दिसलं. मनामाच्या जुन्या बाजारात सोनारांच्या मागच्या गल्लीत खेळण्यांचं एक दुकान आहे. मी तिथे काही घ्यायला गेलो नव्हतो, ऊन चुकवायला घुसलो. खाली बाहुल्या, रिमोटच्या गाड्या, आणि माळ्यावर जायला एक लाकडी जिना. वर गेलो आणि अल्या, काय सांगू, भिंतभर किट. विमानं, रणगाडे, जहाजं, त्या खोक्यांवरची ती चित्रं, धुराचे लोट, लाटा, आणि कोपऱ्यात प्रमाणाचे बारीक आकडे, एकास बहात्तर, एकास साडेतीनशे. मी एक खोका उचलून कानाशी हलवला. आतून तो आवाज आला. सुट्या पार्टांचा, त्या पातळ प्लास्टिकच्या चौकटीला लटकलेल्या तुकड्यांचा खुळखुळ. तो ऐकला आणि मी तुमच्या गच्चीवर होतो. पाण्याच्या टाकीची सावली, खाली काकींच्या कुकरची शिट्टी, आणि तू मांडी घालून बसलेला, जीभ दाताखाली धरून.

तुला आठवतं का, आपलं पहिलं विमान कसं आलं ते? तुझे बाबा हेरंबदादाच्या वडिलांची गाडी चालवायचे आणि दादा आर्किटेक्टचं शिकायला लागला तेव्हा त्याने त्याचे अर्धवट राहिलेले किट एका पिशवीत घालून तुझ्या बाबांबरोबर पाठवले. कशाचा पंख कशाला, कशाचं चाक कशात. कागद जपानीत. आपण तीन विमानांचं मिळून एक केलं आणि ते एका पंखाकडे असं कललेलं होतं की शेजारचे हिंमतराव म्हणाले, ‘हे उडणार नाही, पण वळेल छान.’ नेलकटरने पार्ट तोडायचे, फेविक्विकने बोटं चिकटवून घ्यायची, काकींच्या नेलपॉलिशचा लाल रंग. मला धीर नव्हता, मी वाळायच्या आधी हात लावायचो. तू मात्र सुईच्या टोकाने त्या मुगाएवढ्या पायलटला भुवया काढल्यास. भुवया! मी विचारलं होतं, कोण बघणार आहे, वर काच बसणार. तू म्हणालास, त्याला समोरचं नीट दिसलं पाहिजे ना.

मी त्या माळ्यावरून टगबोटीचा किट घेतला. टग म्हणजे ती बुटकी बोट जी मोठ्या जहाजांना दोरीने ओढून बंदरात आणते. आमच्या गोदीत चार आहेत, रोज बघतो. दुकानदार कानपूरचे एक चाचा, तीस वर्षं इथे. ते म्हणाले, नवीन सुरुवात आहे का? मी म्हटलं, नाही, जुनी आहे, मध्ये गंज चढला. ते हसले आणि म्हणाले, गंज चढलेला माणूसच जास्त खर्च करतो. खरंच होतं ते. पहिल्या दिवशी मी वेड्यासारखा उचलत सुटलो. चांगला कटर, कानसपट्ट्या, झाकणातच ब्रश असलेला गोंद, आणि रंग बघून तर माझं डोकंच फिरलं. दिवसाला दोन-अडीचशे लिटर रंग उडवणारा मी, आणि इथे दहा मिलीची बाटली हातात धरून उभा, पाखराचं अंडं धरावं तशी. किती तरी वेळ मी नुसता त्या रॅकसमोर होतो. राखाडीच अकरा प्रकारचे. चाचांनी माझ्या हातातल्या अर्ध्या बाटल्या काढून परत ठेवल्या. म्हणाले, पहिल्या बोटीला सहा रंग पुरे, बाकी घरी मिसळ. आणि चमकणारा घेऊ नकोस, मंद घे, छोटी वस्तू चमकली की खेळणं दिसते. आधी अस्तर मार, अस्तर नसेल तर नखाने रंग निघतो. हे मला सांगत होते, ज्याने आयुष्यभर अस्तरच मारलंय! पण मी ऐकून घेतलं. आपल्याला तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून आपली सगळी विमानं चेचक झाल्यासारखी सोलवटायची.

सहापैकी पाच रंग निघाले. सहावा हवा होता बोटीच्या अंगाला. खोक्यावर नंबर होता पण पावसाने की कशाने तो कोपरा पुसला गेलेला. चित्रात स्वच्छ दिसत होतं. मी म्हटलं, ‘चाचा, एक भूरा देना.’ त्यांनी बाटली काढून समोर ठेवली. मी बघितलं तर चॉकलेटी. चहाच्या गाळासारखा. मी म्हटलं, ये नहीं चाचा, भूरा. ते म्हणाले, भूरा ही तो है. मी म्हटलं, अरे भूरा, भूरा, आसमान जैसा! तर ते माझ्याकडे असे बघायला लागले की याला ऊन लागलंय. मग म्हणाले, ‘बेटा, आसमान नीला होता है. भूरा तो ये है. भालू देखा है कभी? भालू भूरा होता है.’ आणि एक गिऱ्हाईक होतं, जौनपूरचं, त्याला विचारलं, त्यानेही मान हलवली. भालू भूरा.

अनय, माझ्या हातातून खोका पडला.

आमच्या नवापुऱ्याच्या गल्लीत भूरो म्हणजे निळा. घरात आई निळा म्हणायची, पण घरात मी होतो कधी? पतंग भूरो, शर्ट भूरो, ओटल्यावर बसणाऱ्या म्हाताऱ्या मोटाबांच्या घराचं दार भूरं. आमच्या चार बाजूंनी गुजराती, माझ्या डोक्यात तो रंग त्याच नावाने बसला. आणि काकी माहेरच्या ग्वाल्हेरच्या. तुमच्या घरात काकी तुझ्या खाकी पँटीला भुरी पँट म्हणायच्या, गुळाला भुरा गूळ म्हणायच्या, हे मला त्या दुकानात उभ्या उभ्या आठवलं. मी शंभर वेळा ऐकलं असेल. ऐकायचो आणि सोडून द्यायचो, काकींचं मराठी तसंही जरा वेगळंच, ‘करके’ लावलेलं, आपण त्यांची नक्कल करायचो. एरवी तू-मी दोघंही ब्लू म्हणायचो, ब्राऊन म्हणायचो, सगळेच म्हणतात. पण घाईत माणसाच्या तोंडी आईचा शब्द येतो.

मी दुकानातून निघालो आणि समुद्राच्या कडेच्या बाकावर जाऊन बसलो. समोर पाणी होतं आणि पाण्यावर नंदेसरी दिसत होती, आपली ती केमिकलची फॅक्टरी. तुला तो दिवस आठवून द्यायला जीवावर येतं, पण एकदाच लिहितो, मग परत कधी नाही. तू वर जाळीवर, टाकीच्या तोंडाशी. वाफेने चष्मा धुरकटला म्हणून तू तो कपाळावर सरकवलेला. मी खाली, कॅन देणारा. लेबलं भिजून गळून पडलेली, ओळख राहिली ती फक्त झाकणांची, एक निळं, एक चॉकलेटी. पंख्याचा आवाज, तुझ्या नाकावर फडकं. तू ओरडलास, ‘समऱ्या, भुऱ्या झाकणाचा दे, लवकर!’ आणि मी दिला. निळ्या झाकणाचा. पटकन दिला, अभिमानाने दिला, कारण सकाळीच तू मला म्हणाला होतास की तू फार टंगळमंगळ करतोस. तुझी नजर टाकीच्या काट्यावर. तू न बघता ओतलास, कारण दिलेला मी होतो. आणि टाकी उसळून तुझ्या डोळ्यांवर आली.

मग तो चरोतरचा सुपरवायझर वही घेऊन आला. तुला तोवर गाडीत घातलेलं. त्याने विचारलं, ‘शुं माग्युं हतुं एणे?’ मी म्हटलं, भूरो. तो म्हणाला, ‘भूरो? पाकुं?’ मी म्हटलं, हा, भूरोज. आणि त्याने लिहिलं की ऑपरेटरने निळा मागितला. त्याने तरी काय वेगळं लिहावं? तो गुजराती, मी गुजराती सांगितलं, त्याच्या कागदावर निळाच उमटणार. तो कागद दवाखान्यात तुला वाचून दाखवला, डोळ्यांवर पट्ट्या होत्या तुझ्या तेव्हा. आणि तू म्हणालास, ‘मी निळा मागितला? समऱ्या, खोटं का बोललास?’ काकी स्टुलावर बसल्या होत्या, त्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि मला काय वाटलं माहीत आहे? मला वाटलं, खोटं तू बोलतोयस. आपली चूक माझ्यावर ढकलतोयस. मी माझ्या कानांनी ऐकलेलं होतं ना! पण पट्ट्या बांधलेल्या माणसाला असं कसं म्हणायचं, म्हणून जिना उतरलो. तुला वाटलं, उत्तर नव्हतं म्हणून पळाला. पाच वर्षं तू मला खोटारडा समजलास आणि मी तुला. हजिराला, मुंद्र्याला, कुठेही झोपायच्या आधी मी तुझ्याशी भांडायचो, मनातल्या मनात, रोज जिंकायचो आणि रोज झोप यायची नाही.

दोघं मराठी, तुझा पणजोबा आणि माझा पणजोबा संस्थानच्या एकाच पलटणीत. आणि आपल्यात त्या रंगाला मराठी शब्द नव्हता म्हण. तपकिरी हा शब्द मी फक्त शाळेच्या पुस्तकात बघितला होता. तोंडाने म्हणताना आपल्याकडे कुणाला ऐकलाय तू? तू तपकिरी म्हणाला असतास तरी मी वर बघून विचारलं असतं, हे काय आता नवीन? पण विचारलं असतं.

त्या आठवड्यात मी तुला एक पत्र लिहिलं होतं. हे ते नाही. ते चार पानांचं होतं, हसत-रडत लिहिलेलं, की बघ अनय, मी निर्दोष, तू निर्दोष, सगळा घोळ एका शब्दाचा! चार दिवस मी तरंगत होतो. जहाजाच्या पोटाखाली उभा राहून गाणी म्हणत होतो. पाकिटावर तुझा पत्ता पण लिहून झाला होता. आणि मग आईचा फोन आला, हेरंबदादाचं सांगायला. काकींचं नाव घेऊन म्हणाली, निरुपमा रडत होती रे मार्केटात. दादा स्वतः दोनदा घरी येऊन गेला, अनय एकच म्हणतो, एका डोळ्याने बारीक काम होत नाही, अंतर कळत नाही, कप ठेवायला जातो तर टेबलाच्या बाहेर ठेवतो, मी तिथे जाऊन लोकांच्या बिल्डिंगी मोडू का. मी फोन ठेवला आणि माझं पत्र पुन्हा वाचलं. चार पानांत माझंच होतं सगळं. मी सुटलो, मी सुटलो. तुझा डोळा त्यात कुठे होता? मी कोण हे ठरल्याने तुझा कप टेबलावर थोडाच येणार होता? ते पत्र मी फाडलं.

आणि शनिवारी परत चाचांकडे जाऊन तोच किट आणखी एक घेतला.

त्यानंतर दर शुक्रवारी दुपारी मी बोट बनवतो. सुट्टीचा दिवस, सगळे जेवून पडलेले, खिडकीतून पिवळं ऊन येतं आणि लोखंडी पलंगावर फळी टाकून मी बसतो. आपण तेव्हा आठवड्यात अख्खं विमान संपवायचो, मला ही एक बोट अकरा शुक्रवार पुरली. अनीश हसतो माझ्यावर. पहिल्या शुक्रवारी मी गोंद बोटीला लावण्याऐवजी चादरीला लावला, हवेत लावला, स्वतःच्या अंगठ्याला लावला, बोट सोडून सगळ्याला लावला. शिडी बसवायला गेलो तर हात शिडीच्या पुढे निघून जायचा, जणू शिडी तिथे नाहीच, तिचं नुसतं चित्र आहे. पण हळूहळू काही गोष्टी सापडत गेल्या. त्या तुला लिहून ठेवतो, नीट वाच. पार्ट कधी हवेत धरून जोडू नकोस, एक फळीवर टेकव आणि दुसरा त्याच्याकडे घसरवत ने. दोन्ही हातांच्या करंगळ्या एकमेकींना टेकवून ठेव, मग हातांना आपापसातलं अंतर ठाऊक असतं, ते डोळ्यांना विचारत नाहीत. कुठली तार पुढे, कुठली मागे कळेना, तर मान जराशी डावी-उजवी हलव, जवळची भराभर सरकते आणि लांबची आळशासारखी मागे राहते. आणि दिवा एकाच बाजूला ठेव, खाली, अगदी तिरपा. मग ब्रशची सावली पडते. ब्रश खाली येतो तशी सावली त्याच्याकडे येते, आणि दोघांची टोकं भेटली की समज, टेकला. हे मला सातव्या शुक्रवारी कळलं. तेव्हापासून मी रंग ब्रशकडे बघून लावत नाही, सावलीकडे बघून लावतो. फार शांत वाटतं, अनय. दुपार थांबलेली असते, सावली चालत येते आणि भेटते.

एक गंमत सांगू? परवा असाच बसल्या बसल्या डोळा लागला आणि मला अख्खं बडोदं फळीवर दिसलं, एकास बहात्तर. विश्वामित्री बोटभर रुंद, तिच्या काठी तांदळाएवढ्या मगरी, पुलावरून मुंगीएवढ्या रिक्षा. तू वाकून काहीतरी चिकटवत होतास. मी विचारलं, काय करतोस, तर म्हणालास, हलू नको, तुझं घर वाळतंय. मी हललो नाही. जाग आली तरी किती वेळ हललो नाही.

आता खोका उघडलास की वर न उघडलेला किट दिसेल, तो तुझा. रंग पाठवत नाही, विमानात न्यायला देत नाहीत. ते तुलाच बाहेर पडून घ्यावे लागतील, फाइन आर्ट्सजवळच्या दुकानांत मिळतील. सगळे सहा नंबर मी चिठ्ठीवर लिहिलेत, दुसऱ्या खोक्याचा कोपरा शाबूत होता. नंबरच सांग किंवा बोट दाखव, शब्दाने मागू नकोस, मेहेरबानी कर. आणि किटच्या खाली, जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेली माझी बोट आहे. आता का लिहिलं ते सांगतो. ती बोट मी डाव्या डोळ्यावर पट्टी बांधून बनवलीय, पहिल्या पार्टपासून शेवटच्या रेघेपर्यंत, एकदाही न सोडता. तुझा डावा म्हणून डावा. होतं की नाही हे मला दुसऱ्या कुणाकडून ऐकायचं नव्हतं. होतं, अनय. वर लिहिलेलं सगळं तिथून आलंय. पहिले तीन शुक्रवार रडकुंडीला आलो, आणि संध्याकाळी पट्टी सोडायचो तेव्हा लाज वाटायची, कारण मला सोडता येते. तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच की मी खोटं बोललो नव्हतो, आणि तूही नाही. मानायचं असेल तर मान, नसेल तर राहू दे, मला त्यावर जास्त बोलायचं नाही आणि त्याच्या बदल्यात काही मागायचंही नाही. पण पाडव्याच्या आत हेरंबदादाकडे जा. जाताना माझी बोट घेऊन जा आणि त्याला सांग, हे एका डोळ्याचं काम आहे, आणि तेही समऱ्याचं, ज्याला दोन डोळ्यांनी कधी धड जमलं नाही. चिमणी कललीय, कठडा दोन जागी लाटेसारखा गेलाय, आणखी कुठे कुठे वाकडी आहे ते तुला एका नजरेत दिसेल. दिसलं की पोट धरून हस, मला शिव्या घाल, आणि मग उठून जा.

काकींच्या पाया पडतो.

पूर्वीइतकाच तुझा,
समऱ्या